हळदीची भूमी आणि मृदापरीक्षणाचा अहवाल : कोणत्या आकड्यावर विसंबावे?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, हे आपणा सर्वांस विदित आहे. औषधी कोठून घ्यावी याचा विचार करताना आचार्यांनी खड्डे, खडे-दगड, वारुळे, स्मशान, वधस्थान, देवालय व वाळूची जागा वर्ज्य सांगितली आहे. क्षारयुक्त नसलेली, पाण्यापासून फार दूर नसलेली, मऊ, स्थिर व सपाट अशी काळी, गौर वा तांबडी भूमी त्यांनी प्रशस्त मानली. विद्यार्थिदशेत आपण हा भाग पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि पुढे औषधीनिर्माणाच्या व्यवहारात बहुतेकांनी तो बाजूस ठेवला. कच्चा माल आडत्याकडून येतो, आणि तो कोणत्या शेतातला हे पुष्कळदा आडत्यासही ठाऊक नसते.

अलीकडे मात्र काही फार्मसीमालक थेट उत्पादकांकडून हळद, शतावरी, अश्वगंधा घेऊ लागले आहेत आणि मालाबरोबर मातीचा अहवालही मागू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु अहवाल हाती आला की त्यावरील शिक्का पाहून आपण निश्चिंत होतो. तो आकडा कसा निघाला हे विचारीत नाही. रोगपरीक्षेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तिन्हींचा मेळ घालणारे आपण, छापील कागदापुढे केवळ आप्तोपदेशावर थांबतो. प्रस्तुत लेखात मृदापरीक्षण प्रयोगशाळेतील गुणवत्ता नियंत्रण व गुणवत्ता हमी यांचा विचार आम्ही वैद्याच्या व औषधी निर्मात्याच्या दृष्टीने करीत आहोत. शेतकरी खतासाठी माती तपासतो. आपला हेतू थोडा निराळा आहे, आणि तो निराळा आहे हे न ओळखल्याने आमच्या हातून एकदा अन्याय घडला. ती हकीकत पुढे येईल.

औंढ्याची माती

औंढा नागनाथचे मंदिर ज्या काळ्या पाषाणात उभे आहे तोच पाषाण झिजून भोवतालची माती झाली आहे. हिंगोली जिल्ह्यातील ही जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली. कोठे भारी काळी, कोठे मध्यम, तर टेकड्यांच्या उतारावर हलकी व मुरमाड. भारी जमिनीत चिकणमाती अधिक असल्याने ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, मुक्त चुना असतो, सेंद्रिय कर्ब कमी असतो, पालाश भरपूर असते आणि जस्त व लोह यांची कमतरता पुष्कळ ठिकाणी आढळते. शेजारच्या वसमत तालुक्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. औंढा तालुक्यातही हळदीची लागवड मोठी आहे. म्हणून हरिद्रा हे आमचे उदाहरण.

या भूमीचे एक वैशिष्ट्य औषधी निर्मात्याने ध्यानात ठेवलेच पाहिजे. बेसाल्ट खडकात क्रोमियम व निकेल निसर्गतःच अधिक असतात, किलोमागे शंभर मिलिग्रॅमहून जास्त. शिसे मात्र अत्यल्प, सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. जगभरच्या मातीतील शिशाची सरासरी किलोमागे पंचविसाच्या जवळपास मानली जाते. म्हणजे औंढ्याच्या मातीत क्रोमियम दिसले तर दचकण्याचे कारण नाही, पण शिसे चाळीस-पन्नास दिसले तर आधी अहवालाकडे आणि नमुन्याकडे संशयाने पाहावे. आम्ही तसे पाहिले नाही.

एका नाकारलेल्या मालाची हकीकत

काही वर्षांपूर्वी औंढा तालुक्यातील एका उत्पादकाशी एका फार्मसीचा हळद घेण्याचा तोंडी करार झाला होता. बाजारभावाहून अधिक दर ठरला होता. मातीच्या अहवालात शिसे किलोमागे ४८ मिलिग्रॅम आले. फार्मसीमालकांनी आमचा सल्ला विचारला आणि आम्ही नकार द्यावा असे सांगितले. उत्पादकाने तो माल मोंढ्यावर मिळेल त्या भावाने विकला. पुढे महिनाभराने तो स्वतः मातीची पिशवी घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "वैद्यसाहेब, माल गेला त्याचं काही नाही. पण माझ्या मातीत शिसं आलं कुठून तेवढं सांगा."

आम्ही शोध घेतला. नमुना फार्मसीच्याच माणसाने घेतला होता, तोही रस्त्याकडेच्या धुऱ्यावरून, एकाच जागेचा. तेथे पूर्वी पंप व ट्रॅक्टरची दुरुस्ती होत असे. अहवालात ब्लँकचा उल्लेख नव्हता, मोजमापाची किमान मर्यादा नव्हती, पद्धतीचे नावही नव्हते. शेताच्या आतून रीतसर घेतलेला नमुना दोन पिशव्यांत भरून दोन वेगळ्या क्रमांकांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठविला, तेव्हा उत्तरे आली ७ आणि ८. फार्मसीत राखून ठेवलेल्या हळदीच्या नमुन्यात शिसे मोजता येण्याइतकेही निघाले नाही.

खेदाची गोष्ट ही की, ४८ हा आकडा खरा असता तरी आमचा सल्ला चूकच होता. साधे त्रैराशिक करून पाहावे. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार वनस्पतिज द्रव्यात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. हळकुंडास चिकटून शेकडा १ भाग माती आली असे धरले, तर ४८ मिलिग्रॅम शिशाच्या मातीतून हळदीत ०.४८ मिलिग्रॅम शिसे येईल. केवळ चिकटलेल्या मातीने मर्यादा ओलांडायची तर हळदीत वीस टक्क्यांहून अधिक माती असावी लागेल. मुळांवाटे शोषण होते हे खरे, पण चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत शिसे घट्ट बांधलेले राहते व पिकास फारच थोडे उपलब्ध होते. मातीचा अहवाल हा हळदीचा अहवाल नव्हे, हे आम्हास ठाऊक असायला हवे होते. फार्माकोपियात हरिद्रेसाठी आम्ल-अविद्राव्य राखेची मर्यादा शेकडा १ दिली आहे. माती-वाळूची भेसळ वा अपुरी धुलाई ओळखण्याचे ते जुने, स्वस्त व प्रत्येक फार्मसीत करता येण्याजोगे साधन आहे.

नमुन्यात झालेली चूक प्रयोगशाळेत सुधारत नाही

हळद निघाल्यानंतर, म्हणजे फाल्गुन-चैत्रापासून पुढील लागवडीपर्यंतचा काळ नमुन्यासाठी योग्य. शेणखत वा रासायनिक खत घातल्यानंतर नमुना घेऊ नये. शेताचे रंग, उतार व पोत यांनुसार भाग पाडावेत. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूचा सारख्या जाडीचा थर वरपासून खालपर्यंत घ्यावा. धुरा, झाडाखालची जागा, उकिरडा, विहिरीजवळची ओल, जनावरे बांधण्याची जागा आणि हळद शिजविण्याच्या भट्टीचा परिसर टाळावा. वर्ज्य स्थानांची ही यादी लिहिताना सुश्रुताचार्यांची यादी आठवल्यावाचून राहत नाही. कारणे निराळी असतील, परंतु जी जागा शेताचे प्रतिनिधित्व करीत नाही ती घेऊ नये, हा विवेक एकच आहे.

सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, व अर्धा किलो उरेपर्यंत ही क्रिया करावी. माती सावलीत वाळवावी. येथे एक बारकावा आहे. जस्त तपासावयाचे असल्यास जस्ताचा मुलामा दिलेले घमेले, बादली किंवा चाळणी वापरू नये, आणि तांब्यासाठी पितळी चाळणी चालत नाही. डीटीपीए पद्धतीत जस्ताची निर्णायक मर्यादा किलोमागे केवळ ०.६ मिलिग्रॅम आहे. घमेल्याचा मुलामा घासून आलेला अंश एवढ्या सूक्ष्म आकड्यास सहज फिरवू शकतो. मग कमतरता असलेल्या शेताला 'पुरेसे' असा शेरा मिळतो व हळद पिवळी पडते. खताची रिकामी पिशवी तर नमुन्यासाठी कधीच वापरू नये.

प्रयोगशाळेच्या आत

गुणवत्ता नियंत्रण आणि गुणवत्ता हमी हे शब्द आपण एकाच अर्थी वापरतो. नियंत्रण म्हणजे आजच्या तुकडीतील आकडे ग्राह्य आहेत की नाहीत हे त्याच दिवशी तपासणे. हमी म्हणजे ही तपासणी रोज, माणूस बदलला तरी, लिखित पद्धतीने होईल अशी व्यवस्था. फार्मसीत शेड्यूल टी नुसार चूर्णाच्या प्रत्येक घाण्याची नोंद ठेवणाऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

नियंत्रणाचे पहिले साधन ब्लँक. मातीवाचून सर्व रसायने, सर्व भांडी व सर्व क्रिया तशाच करून जे उत्तर येते तो ब्लँक. ओल्सेन पद्धतीने उपलब्ध स्फुरद काढताना द्राव रंगहीन करण्यासाठी कोळशाची पूड घालतात. ती आम्लाने नीट धुतलेली नसेल तर तिच्यातीलच स्फुरद मातीच्या नावावर जमा होते. ब्लँक केला तरच हे उघड होते. वॉकली-ब्लॅक पद्धतीत सेंद्रिय कर्ब काढताना फेरस अमोनियम सल्फेटचा द्राव हवेत हळूहळू आपली शक्ती गमावतो. म्हणून प्रत्येक तुकडीस ब्लँकचे टायट्रेशन आवश्यक आहे. मागच्या सोमवारचा ब्लँक आज चालविणारी प्रयोगशाळा मागच्या सोमवारचा कर्ब विकते, असे आम्ही म्हणू. बोरॉनसाठी तर साधे काचेचे भांडेच शत्रू ठरते, कारण बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन द्रावात उतरू शकते.

दुसरे साधन कॅलिब्रेशन. सामूमापक दोन बफरांनी लावतात. पुष्कळ ठिकाणी ४.० व ७.० हे बफर सवयीने वापरले जातात. आमच्या भागातील मातीचा सामू ८ च्या आसपास असतो, म्हणून येथे ७.० व ९.२ हीच जोडी योग्य. मोजावयाची गोष्ट दोन ज्ञात बिंदूंच्या मध्ये असली पाहिजे. वजनकाटा, पिपेट, ज्योतीमापक यांनाही हाच न्याय लागू आहे.

पद्धतीच्या अटीही तितक्याच महत्त्वाच्या. ओल्सेनचा बायकार्बोनेट द्राव नेमका ८.५ सामूचा हवा. उघडा राहिला तर त्याचा सामू चढतो. हलविण्याचा काळ ३० मिनिटे. तापमान वाढले की स्फुरद अधिक सुटते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालील खोलीत व जानेवारीत केलेल्या चाचण्यांची तुलना कशी करावी? डीटीपीए द्रावाचा सामू ७.३, दहा ग्रॅम मातीस वीस मिलिलिटर द्राव, हलविणे बरोबर दोन तास. लिंडसे व नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत समतोल साधेपर्यंत थांबत नाही, म्हणून वेळ बदलला की उत्तर बदलते. घाई करणाऱ्या सहायकाने दीड तासात उरकले तर यंत्र ते सांगणार नाही.

मग सांगणार कोण? येथे तिसरे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे साधन येते. प्रयोगशाळेने एकाच शेताची पंधरा-वीस किलो माती वाळवून, चाळून, नीट मिसळून ठेवावी आणि प्रत्येक तुकडीत तिचा एक नमुना चालवावा. पहिल्या वीसेक वेळांच्या आकड्यांवरून सरासरी व प्रमाण विचलन काढावे. समजा स्फुरदाची सरासरी १२.० आणि प्रमाण विचलन ०.६ आले. १०.८ ते १३.२ च्या बाहेर आकडा गेला तर सावध व्हावे. १०.२ ते १३.८ च्या बाहेर गेला तर त्या दिवसाची सारी तुकडी रद्द करून कारण शोधावे. हे आकडे आलेखावर मांडले म्हणजे नियंत्रण आलेख झाला. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यासाठी तो सुचविला आणि आज तो रक्तपरीक्षणाच्या प्रयोगशाळांतही भिंतीवर दिसतो. ठिपके मर्यादेच्या आत असूनही ओळीने सात-आठ वेळा सरासरीच्या एकाच बाजूस पडू लागले, तर काहीतरी हळूहळू सरकत आहे असे समजावे. नाडीपरीक्षेत एकच ठोका पाहून निदान होत नाही, गती पाहावी लागते.

यांखेरीज दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुबार करणे, आणि धातूंच्या बाबतीत नमुन्यात ज्ञात मात्रा मिसळून ती कितपत परत मिळते हे पाहणे, ही नित्याची कामे आहेत. ती सविस्तर सांगत बसत नाही.

दोन साक्षीदार

प्रयोगशाळा स्वतःशी सुसंगत असूनही चुकीची असू शकते. दररोज पाच मिनिटे मागे चालणारे घड्याळ तितकेच मागे राहते. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. औंढा तालुक्यातील दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. अमेरिकेत लायगोची यंत्रे हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन अशा हजारो किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आलेली पहिली लहर दोन्ही यंत्रांनी टिपली म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता आला. एका यंत्राची थरथर ही भूमीची, वाहनाची, कशाचीही असू शकते. आमच्या गावाशेजारी येणाऱ्या या महाकाय यंत्राकडून मातीच्या प्रयोगशाळेने घ्यावयाचा धडा एवढाच.

मृदापरीक्षणात यास प्रावीण्य चाचणी म्हणतात. एकाच मातीचे नमुने अनेक प्रयोगशाळांना जातात व प्रत्येकीचे उत्तर मान्य मूल्यापासून किती दूर आहे हे झेड गुणांकाने मोजतात. २ पर्यंत समाधानकारक, २ ते ३ संशयास्पद, ३ वा अधिक असमाधानकारक. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथून अशी देवाणघेवाण दीर्घकाळ चालत आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये मृदा प्रयोगशाळांचे जागतिक जाळे स्थापिले, तेही पद्धती एकसारख्या व्हाव्यात याच हेतूने. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर दिली जाते, ज्याची सध्याची आवृत्ती २०१७ ची आहे. मात्र मान्यता प्रयोगशाळेस सरसकट नसते. ती विशिष्ट पदार्थातील विशिष्ट चाचणीस असते. पाण्यातील शिशासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीतील शिशाच्या अहवालावर तोच अधिकार सांगू शकत नाही. म्हणून मान्यतेची व्याप्ती मागून पाहावी.

दोन अहवालांत तफावत दिसली की लगेच कोणास दोषी धरू नये. एका सभासदांनी आम्हास दोन कागद दाखविले. एकात स्फुरद ६.१, दुसऱ्यात १३.७. त्यांनी दोन्ही प्रयोगशाळा रद्द ठरविल्या होत्या. पहिला आकडा किलोमागे मिलिग्रॅममध्ये होता, दुसरा हेक्टरी किलोमध्ये. एक हेक्टरच्या नांगरट थराचे वजन २२.४ लाख किलो धरतात, म्हणून ६.१ ला २.२४ ने गुणले की १३.७ येतात. दोन्ही प्रयोगशाळा बरोबर होत्या.

खताची प्रयोगशाळा आणि जड धातू

२०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन. पिकासाठी ते उत्तम आहेत. औषधी निर्मात्यास ज्यांची धास्ती असते ते शिसे, कॅडमियम, पारा व आर्सेनिक यांत नाहीत. पत्रिका दाखवून 'माती शुद्ध आहे' असे सांगणारा उत्पादक खोटे बोलत नसतो, पण त्याच्या कागदात आपल्या प्रश्नाचे उत्तर नसते.

२००४ च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर केंद्र शासनाने निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी बंधनकारक केली. मर्यादा अशा : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. शेवटचा आकडा विशेष ध्यानात घ्यावा. एक ग्रॅम हळदीचे पाचन करून पन्नास मिलिलिटर द्राव केला, तर मर्यादेवरील कॅडमियम त्या द्रावात लिटरमागे केवळ ०.००६ मिलिग्रॅम भरते. ज्योतीवर चालणारे साधे अणुशोषण यंत्र येथे जवळजवळ अंध असते. ग्राफाइट भट्टीचे यंत्र किंवा आयसीपी-एमएस हवे. 'आढळले नाही' असा शेरा असेल तर किमान किती असते तर आढळले असते, हे विचारावेच. ते न लिहिलेला 'आढळले नाही' हा शेरा निरर्थक आहे.

हळदीपुरते आणखी एक. तिच्यात शिसे खरोखर अधिक निघाले तर संशय मातीपेक्षा पॉलिशकडे आधी वळवावा. बांगलादेशातील २०१९ च्या अभ्यासात शिशाचे मूळ पिवळेपणासाठी वापरलेल्या लेड क्रोमेटमध्ये सापडले. या रंगात वजनाने शिसे क्रोमियमच्या चौपट असते. हळदीत दोन्ही धातू साधारण याच प्रमाणात वाढलेले दिसले तर कारण शेतात नव्हे, पिंपात आहे. उलट आमच्या काळ्या मातीने मळलेल्या हळदीत क्रोमियम अधिक व शिसे कमी दिसेल. किलोभर हळदीस मर्यादेपलीकडे नेण्यास केवळ १६ मिलिग्रॅम लेड क्रोमेट पुरते. यासाठी बिनपॉलिशची हळकुंडे घ्यावीत, ती फार्मसीतच धुवून वाळवावीत व दळावीत.

त्या उत्पादकाची हळद दुसऱ्या वर्षापासून फार्मसीने ठरल्या दराने घेतली. पहिल्या वर्षीचा फरक त्यास देऊ केला असता त्याने तो घेतला नाही. त्याऐवजी, पुढच्या वेळी नमुना आपल्यासमोर घ्यावा एवढेच मागितले. आता प्रत्येक नमुना उत्पादकासमोर घेतला जातो व पिशवीतील चिठ्ठीवर गट क्रमांक, तारीख, खोली आणि दोघांच्या सह्या असतात. त्याच्याच शेतातील वीस किलो माती चाळून, मिसळून आम्ही एका झाकणाच्या पिंपात ठेवली आहे. प्रयोगशाळेस नमुने पाठविताना तिची एक पिशवी इतरांसारखाच क्रमांक घालून त्यांत मिसळतो. आजवर अशा चार पिशव्या गेल्या आहेत, पाचवी येत्या लागवडीपूर्वी जाईल.